सायकलच्या मागच्या चाकाची प्लास्टिक चकती: ठेवावी की काढावी?

सर्वात मोठ्या दातेरी चक्रामागे, स्पोकला लागून बसणारी ही चकती एकच काम करते: चेन चक्र ओलांडून आत घसरली तर तिला स्पोकमध्ये अडकू देत नाही. ती नसेल आणि चेन घसरली, तर गिअरकडच्या बाजूचे स्पोक खरवडले जातात. सर्वात जास्त ताण त्यांच्यावरच असतो, म्हणून पुढे तेच तुटतात.

पण चेन आत जातेच का? एकतर डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेचा) 'एल' स्क्रू, म्हणजे चेनची आतली हद्द ठरवणारा स्क्रू, सैल असतो, नाहीतर सायकल उजव्या कुशीवर पडून हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो भाग) वाकलेला असतो. तपासणी सोपी आहे. चेन मोठ्या चक्रावर आणा, पेडल फिरवत गिअरची केबल हाताने ताणा. चेन पलीकडे जाता कामा नये.

चकती चांगली असेल तर राहू द्या, वजन नगण्य असतं. मात्र उन्हाने पिवळी पडून तडकली, क्लिपा तुटून खडखडू लागली, की काढाच. सुटा तुकडा चेनमध्ये जाणं जास्त वाईट. कॅसेट (दातेरी चक्रांचा संच) उतरवूनच चकती काढा, पक्कडीने ओरबाडू नका, स्पोकवर ओरखडे पडतात. सायकल रोज स्टँडवर इतरांच्या गर्दीत लागत असेल, तर धक्क्याने हँगर वाकू शकतो, म्हणून नवी चकती बसवणंच शहाणपणाचं.