आठ महिने ‘एलिट’सोबत : बीबीसी मायक्रोवरचं अंतराळ

‘एलिट’ या जुन्या संगणक-खेळात पहिलं डॉकिंग, म्हणजे यान अवकाशस्थानकात नेणं, जमायला मला बारा संध्याकाळी लागल्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेषांचं अवकाशस्थानक स्वतःभोवती संथ फिरत असतं, त्याच्या एका बाजूला टपालपेटीसारखी फट असते आणि त्या फटीतून आपलं यान अलगद आत न्यायचं असतं. जरा तिरकं गेलं की मालासकट ठिकऱ्या. बाराव्या संध्याकाळी लक्षात आलं की ती फट नेहमी ग्रहाच्या बाजूला असते. मग आधी ग्रह आणि स्थानक यांच्या मधोमध जाऊन थांबायचं, तोंड फिरवायचं, वेग कमी करायचा आणि स्वल्पविराम-पूर्णविरामाच्या कळांनी यानाला गिरकी देत फट आडवी धरून ठेवायची. यान आत सरकलं तेव्हा हाताला घाम फुटला होता.

‘एलिट’ १९८४ साली आला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोघांनी तो बीबीसी मायक्रो या तेव्हाच्या ब्रिटिश संगणकासाठी लिहिला आणि एकॉर्नसॉफ्टने विकायला काढला. आता बेल यांच्या संकेतस्थळावरून त्याच्या जुन्या आवृत्त्या मोफत उतरवून घेता येतात. हे यंत्र आपल्याकडच्या काही जणांना आठवत असेल. १९८४-८५ मध्ये सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, त्यात हेच संगणक आले होते. आमच्या शाळेत चपला बाहेर काढून त्या खोलीत जावं लागायचं आणि एका यंत्रापुढे चौघीजणी बसायचो. लाल रंगाच्या फंक्शन कळा मला तेव्हापासून लक्षात आहेत. त्यांचा खरा उपयोग मात्र आता कळला: समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे बघायच्या खिडक्या त्यांच्यावरच आहेत. (पीसीच्या कीबोर्डवर एफ-शून्य नसते, म्हणून ती इम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) कुठे बसवली आहे ते आधी शोधून ठेवा. लढाई सुरू झाल्यावर शोधायला वेळ मिळत नाही.)

सुरुवातीला हातात कोब्रा मार्क थ्री यान, १०० क्रेडिट (खेळातलं चलन), तीन क्षेपणास्त्रं आणि साधा पल्स लेझर. लाव्हे नावाच्या शेतीप्रधान ग्रहावरून निघायचं. तिथे अन्न स्वस्त मिळतं. ते भरायचं, लीस्टीसारख्या कारखानदारीच्या ग्रहावर विकायचं आणि येताना कॉम्प्युटर आणायचे. वाचायला हे किराणा दुकानाच्या हिशोबासारखं वाटेल, पण या खेळातल्या गोळीबाराला चव येते ती याच हिशोबामुळे.

इतर नेमबाजीच्या खेळांत समोर दिसेल ते उडवायचं आणि गुण मोजायचे. इथे आपल्या यानाच्या पोटात वीस टन माल असतो, तो विकत घ्यायला सगळी पुंजी लावलेली असते आणि अशा वेळी रडारवर तीन ठिपके उगवतात. चौथ्या महिन्यातली एक फेरी माझ्या चांगलीच लक्षात आहे. कॉम्प्युटर भरून निघाले होते. स्थानकापर्यंत झटकन उडी मारायची कळ दाबली तर यान हलेना, कारण जवळपास दुसरं यान असेल तर ती उडी चालत नाही. म्हणजे लढणं भाग. पहिला लुटारू समोरून आला, तो गेला. दुसरा पाठीमागे लागला, आणि मागे लेझर बसवलेलाच नव्हता. ऊर्जेच्या चार पट्ट्यांपैकी एक उरली. एस्केप पॉडची (यान सोडून निसटायच्या छोट्या कुपीची) कळ दाबली असती तर जीव वाचला असता, नवं यानही मिळालं असतं, पण माल गेला असता. मी तो माल सोडला नाही. यान उलटं करून त्याच्याच अंगावर घातलं. स्थानकात पोचले तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. परत निघण्याआधी पहिला खर्च केला तो मागच्या लेझरवर.

ते रडार कौतुकाने बघण्यासारखं आहे. लंबवर्तुळाकार चकतीवर प्रत्येक यान एका उभ्या काडीच्या टोकाला दिसतं. काडी वर गेली तर शत्रू वर, खाली गेली तर खाली. सपाट पडद्यावर तिन्ही दिशा इतक्या सोप्या करून दाखवलेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. वरचा देखावा काळा-पांढरा आणि खालचा फलक रंगीत, कारण चित्र रंगवलं जात असतानाच मधल्या मध्ये पडद्याचा प्रकार बदलला जातो. हे सगळं ३२ किलोबाइट मेमरीत. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह, आणि त्यांपैकी एकाचंही नाव किंवा राज्यव्यवस्था साठवून ठेवलेली नाही. तीन संख्या घेऊन ठरावीक बेरजा करत गेलं की ग्रह एकामागून एक बाहेर पडतात. मार्क मॉक्सन यांनी हा सगळा कोड ओळीओळीने समजावून सांगितला आहे. मी प्रोग्रामर नाही, तरी त्यातलं ग्रहांचं प्रकरण दोनदा वाचलं.

सूर्याजवळ जाऊन फुकट इंधन भरणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्यासाठी लागणारं फ्युएल स्कूप हे उपकरण ५२५ क्रेडिटला मिळतं. सूर्य पडदा भरून टाकतो, केबिनच्या तापमानाची पट्टी चढत जाते, आणि ती टोकाला पोचायच्या आत टाकी भरून बाहेर पडायचं असतं.

उणिवाही आहेत. संगीत नाही. एकदम चार-पाच यानं आली की चित्र मंदावतं आणि रेषा लुकलुकतात. यान आपोआप आत नेणारा डॉकिंग कॉम्प्युटर १५०० क्रेडिटला घेतला की सुरुवातीची ती धडधड संपते, म्हणून मी तो घेऊनही फारसा वापरत नाही. मधल्या टप्प्यात त्याच दोन ग्रहांमधल्या फेऱ्यांचा कंटाळा येतो. त्यावर माझा उपाय म्हणजे मुद्दाम अराजक असलेल्या ग्रहाकडे जाणं. कॅसेटची आवृत्ती घेऊ नका, डिस्कचीच घ्या. तिच्यात यानांचे प्रकार जास्त आहेत आणि मोहिमाही आहेत. ब्राउझरमधल्या इम्युलेटरवर सेव्ह केलेला माझा पहिला कमांडर (म्हणजे तोवरचा सगळा खेळ) खिडकी बंद करताच नाहीसा झाला, सहा आठवड्यांची मेहनत गेली. तेव्हापासून मी बीब-एम या संगणकावर उतरवून घ्यायच्या इम्युलेटरवर खेळते आणि डिस्क इमेजची (खेळाची डिस्क साठवलेल्या फाइलची) प्रत दर रविवारी वेगळी ठेवते.

‘एलिट’ ही पदवी ६४०० यानं पाडल्यावर मिळते. मी ५१२ चा टप्पा ओलांडून ‘डेंजरस’ झाले आहे. मिलिटरी लेझरवर ६००० क्रेडिट घातल्याने हात मोकळा नाही. दुसऱ्या आकाशगंगेत जायच्या हायपरड्राइव्हला ५००० लागतात आणि काल रात्री डॉक केलं तेव्हा माझ्याकडे ३८०० जमले होते.