एसी कॉम्प्रेसर वगळून आखूड बेल्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग गेलंय, कॉम्प्रेसर इतक्यात बदलायचा नाही आणि त्या जागी बसणारी, नुसती मोकळी फिरणारी बायपास पुलीही मिळत नाही, तेव्हा कॉम्प्रेसरला वगळून इंजिनवरच्या बाकीच्या पुल्या फिरवणारा आखूड बेल्ट हा पर्याय उरतो. काही महिने रोज गाडी चालवल्यावर मत असं, की लांबी नेमकी असेल तर बेल्ट आहे हेही विसरायला होतं. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी स्प्रिंगची पुली) सगळं सांभाळून घेईल या भरवशावर मात्र राहू नये. (बायपास पुली मिळत असेल तर तीच घ्या. मूळ बेल्ट आणि मूळ मार्ग दोन्ही टिकतात.)

बेल्ट मागवण्याआधी नवा मार्ग कागदावर काढा. खाचांच्या पुलीवर बेल्टची खाचांची बाजू आणि गुळगुळीत पुलीवर पाठ, हे जसंच्या तसं राहिलं पाहिजे. वॉटर पंपाच्या पुलीवर बाजू बदलली तर पंप उलटा फिरतो आणि इंजिन तापतं. अल्टरनेटरला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) बेल्टचा विळखा किती पडतो तेही पाहा. १२० अंशांच्या खाली गेला तर तो मार्ग सोडून द्यावा. काही डिझेल इंजिनांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो, तिथे बेल्ट घसरणं म्हणजे नुसता चार्जिंगचा प्रश्न नाही. सरळ धावणारा बेल्ट वगळलेल्या पुलीला किंवा ब्रॅकेटला घासत नाही ना, हेही बघून घ्या.

मोजमापासाठी सुतळी नको, ती ताणली जाते. जुना बेल्ट कापा, नव्या मार्गाने फिरवा आणि एक टोक दुसऱ्यावर जितकं चढतं तेवढं मोजा. जुना ६पीके२०३० असेल आणि २६५ मिमी जास्त येत असेल तर हवा ६पीके१७६५. यात ६ म्हणजे खाचांच्या धारा, पीके हा धारांचा प्रकार आणि शेवटचा आकडा मिमीमधली लांबी.

खरी गोम टेन्शनरच्या स्थितीत आहे. पिन घालून मागे अडकवलेल्या टेन्शनरवर मोजलं तर बेल्ट आखूड येतो, पूर्ण मोकळ्या सोडलेल्यावर मोजलं तर लांब. पाना लावून दांडा कमाल आणि किमान खुणांच्या मध्ये धरा आणि तेव्हा मोजा. टेन्शनरवर बेल्टचा अर्ध्या वर्तुळाचा विळखा असेल तर लांबीतल्या १० मिमी फरकाला पुली साधारण ५ मिमी सरकते. विळखा कमी असेल तर तेवढ्याच फरकाला ती जास्त सरकते, म्हणजे चुकीला वाव आणखी कमी. मधली लांबी मिळत नसेल तर किंचित आखूड घ्यावा. आताचे ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) बेल्ट सहसा तडकत नाहीत, त्यांच्या धारा झिजतात. झिजलेला बेल्ट खाचेत खोल बसतो आणि टेन्शनर हळूहळू लांब बाजूच्या खुणेकडे सरकतो.

पहिले काही आठवडे ती खूण अधूनमधून बघत राहा. इंजिन सुरू असताना हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळाले की अल्टरनेटर ठीक. बेल्ट चिरकत असेल तर खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा (हात दूर ठेवून). आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी आहे. रेषेचा दोष लांबी बदलून जात नाही, उगाच दुसरा बेल्ट मागवू नका.

टेन्शनर नसलेल्या, ताणूनच चढवायच्या लवचिक बेल्टवर हा प्रयोग करू नये. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप वगळला तर स्टिअरिंग जड होतं, तो बेत तर सोडाच. कॉम्प्रेसरच्या क्लचचा कनेक्टर काढून बांधून ठेवा, गॅसच्या नळ्या मात्र उघडायच्या नाहीत.

नवा नंबर आणि मार्गाचं चित्र बॉनेटच्या आत चिकटवा, नाहीतर पुढचा मेकॅनिक गाडीचं मॉडेल सांगून जुन्याच लांबीचा बेल्ट मागवेल.