सेंद्रिय जेवण: गंगापूर रोडवर की थेट शेतावर?

नाशकात सेंद्रिय जेवायचं म्हटलं की दोन पर्याय समोर येतात. एक, कॉलेज रोड-गंगापूर रोडची कॅफेवजा रेस्टॉरंटं. दुसरा, गिरणारे, त्र्यंबक किंवा दिंडोरीच्या बाजूला शेतावर मिळणारं जेवण, म्हणजे आदल्या दिवशी फोन करून माणसं सांगायची आणि जे शिजेल ते जेवायचं.

दोन्हीकडे पाटी एकच असते, पण मेन्यू वाचला की फरक कळतो. शहरातल्या एका ठिकाणी मला ऑगस्टमध्ये ‘ताज्या सेंद्रिय द्राक्षांचा’ रस देऊ केला होता. आपल्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास आणि द्राक्षं हाती येतात ती जानेवारी ते एप्रिल. ऑगस्टमधली ताजी द्राक्षं कुठल्या बागेतली, हे विचारल्यावर वेटर आत गेला तो बिल घेऊनच आला. मुळात डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांमुळे द्राक्षाइतकी फवारणी क्वचितच दुसऱ्या पिकावर होते. युरोपला जाणाऱ्या मालाची औषधांचे अंश तपासणारी चाचणी होते खरी, पण अंश मर्यादेत असणं वेगळं आणि सेंद्रिय असणं वेगळं. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण २ आणि द्राक्षासारख्या बहुवर्षायू पिकाला ३ वर्षं रूपांतरणात, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्यात, काढावी लागतात.

शेतावर प्रमाणपत्र बहुधा नसतंच. तिथे विचारायचं ते, ‘आज काय नाही?’ पावसाळ्यात एखादी भाजी नाही म्हणाले, त्याऐवजी करटोली किंवा कुर्डूची रानभाजी वाढली, तर माझा विश्वास बसतो. पेठ-सुरगाण्याकडची नागलीची (नाचणीची) भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची (कारळ्याची) चटणी हे ताट कुणी ‘सस्टेनेबल’ म्हणून शोधलेलं नाही. डोंगरउतारावर भाताशिवाय जे पिकतं तेच ते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नागली शहरात पॅनकेक होऊन आली. पॅनकेक वाईट नसतो, पण त्यावर मेपल सिरप ओतायचं तर आपला गूळ काय वाईट होता?

वाया जाण्याच्या बाबतीत शेतच पुढे. माणसं मोजून पीठ मळलं जातं, उरलं तर गोठा आहे. शहरात चाळीस पदार्थांचा मेन्यू तयार ठेवायचा म्हणजे फ्रिज भरलेलाच हवा.

पण शेताची बाजू घेताना एक हिशेब टोचतो. दोन माणसांनी गाडी काढून वीस-पंचवीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं, त्यात जळलेल्या पेट्रोलचं काय? गाडी भरून जाणार असाल तरच जा. दोघंच असाल आणि मंगळवारची संध्याकाळ असेल, तर गंगापूर रोड बरा, फक्त मेन्यूतला हंगामी भाग मागवा आणि डाळ-तांदूळ कुठून येतात ते विचारा. पाकिटातला माल असेल तर त्यावर सेंद्रिय मालाचं अधिकृत चिन्ह दिसायला हवं, दाखवायला का कू करतात तिथे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पैशांचं म्हणाल तर शेतावर माणशी ताटाचा दर ठरलेला असतो, शहरात प्रत्येक पदार्थ वेगळा आणि वर जीएसटी. सेवा शुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक आहे, काढून टाका म्हणता येतं.

सोबत गुडघे दुखणारी आजी असेल तर शेतावर खुर्ची-टेबल आहे का, हे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी पाटावरच बसवतात. पावसाळ्यात शेवटचा कच्चा रस्ता चिखलाचा असतो, तेही विचारा. आणि रविवार दुपारचं जेवण हवं असेल तर शनिवारी सकाळीच फोन करा. संध्याकाळी केलात तर पीठ मोजून झालेलं असतं.