जळगाव की नंदुरबार?

माझा भाचा कोल्हापूरचा, दहा वर्षं नॉर्वेत राहिला. परतल्यावर हिवाळ्यात माझ्याकडे आला, शेतात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजलेलं भरीत नि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी खाल्ली, अन् गडी खान्देशच्या प्रेमातच पडला. आता रोज फोन. "मामा, घर कुठं घेऊ?"

ऊन दोन्हीकडे तेवढंच; मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, कूलरशिवाय झोप नाही. फक्त नंदुरबारकराला हवा बदलायला सातपुड्यातलं तोरणमाळ आहे.

प्रवासात जळगाव सरळ पुढे. मुंबई-हावडा मार्ग, शेजारी भुसावळ जंक्शन, विमानतळही. नंदुरबार सुरत-भुसावळ मार्गावर, म्हणजे सुरत जवळची, मुंबई लांबचीच. दवाखानेही जळगावातच जास्त.

खरी गंमत बोलीची. जळगावकडे अहिराणी, तावडी. नंदुरबारकडे अहिराणीसोबत भिली, पावरी, गुजरी. (पठ्ठ्याला अजून अहिराणीच धड येत नाही!) हंगामात नंदुरबारबाहेर मिरचीच्या लाल पथाऱ्या पसरतात. गाडीची काच उतरवली की आधी ठसका लागतो, मग रंग दिसतो.

आईवडिलांना सोबत आणणार असशील तर जळगाव घे. एकट्याला सातपुडाच हवा असेल तर नंदुरबार. पण बाबा, आधी एक मे महिना भाड्यानं काढ.