टीव्हीमागची चारकोल लूव्हर भिंत: माल चांगला, पण कुठल्या भिंतीवर?

हॉलमध्ये टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांची भिंत नसेल तर इंटिरियर झालंय असं हल्ली कुणी मानतच नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जा किंवा तालुक्याच्या गावातल्या प्लायवूडच्या दुकानात, काउंटरवर सगळ्यात आधी पुढ्यात येतो तो चारकोल लूव्हर, म्हणजे उभ्या पट्ट्या-खाचांचं तयार पॅनल. कोरड्या, सरळ भिंतीवर तीन-चार फूट रुंदीचा पट्टा करायचा असेल तर माल पैसे वसूल आहे. दहा फुटी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकायची असेल तर मात्र जरा थांबा. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये गडद अक्रोडी रंगाची अख्खी भिंत उभी केली की खोली अंगावर येते.

शेल्फवर तीन वेगळे माल एकसारखे दिसतात, म्हणून कापलेलं टोक बघूनच घ्या. चारकोल पॅनल आतून काळपट, भरीव आणि हातात घेतलं तर नवल वाटावं इतकं हलकं असतं. ते पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचं असतं, वर लाकडी छपाईची फिल्म. टोकाला पोकळ कप्पे दिसले तर डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण. तपकिरी भुसा दाबल्यासारखी कड दिसली तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. पहिल्या दोघांना पाण्याची भीती नाही आणि वाळवी लागत नाही. एमडीएफच्या धारा सगळ्यांत रेखीव येतात, रंगही हवा तो मारता येतो, पण ओल्या फडक्याने रोज पुसलं तर तळाची कड फुगते.

आता हिशेब. चारकोलचं नेहमीचं माप १२२ मिमी रुंद, २९०० मिमी लांब आणि १२ मिमी जाड. म्हणजे एका नगात ३.८ चौरस फूट. डब्ल्यूपीसीचं चालू माप १६० बाय २९००, जाडी २४. तिथे नगाला पाच चौरस फूट पडतात. एक दुकानदार नगाचा भाव सांगतो, दुसरा फुटाचा, त्यामुळे या आकड्यांनी भागून मगच तुलना करा. दहा फूट म्हणजे ३०४८ मिमी रुंदीला चारकोलचे २५ नग बसतात आणि शेवटचा जेमतेम दोन मिमी तासावा लागतो. डब्ल्यूपीसीचे १९ नग लावून आठ मिमी उरतात, ते कडेला लावायच्या एल आकाराच्या पट्टीखाली (एल पट्टी) जातात. त्यासाठी विसावा नग घेऊ नका. मात्र खाचेत जाणारी जिभली सोडून पॅनल प्रत्यक्षात किती रुंदी झाकतं ते दोन नग एकमेकांत अडकवून दुकानातच टेपने मोजा. जुन्या इमारतीत छत दहा फुटांवर असेल तर पॅनल जवळजवळ सहा इंच तोकडं पडतं. वर आडवा जोड देऊ नका, तो कायम डोळ्यांत खुपतो. खाली तेवढ्या उंचीचा कट्टा किंवा कन्सोल घ्या.

काम बिघडतं ते बहुतेक वेळा भिंतीमुळे आणि गोंदामुळे. पावसाचा मारा झेलणाऱ्या बाहेरच्या भिंतीला आतून पॅनल लावून ओल झाकायची, हा सल्ला सर्रास दिला जातो. ओल झाकली जाते, थांबत नाही. मागे हवा खेळत नसल्याने बुरशी वाढते आणि घरात कुबट वास यायला लागतो. फूटभर पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून चोवीस तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर आधी बाहेरच्या भेगा आणि पाइपांचे सांधे बघा. हे पावसाळ्यात करा. एप्रिलमध्ये सगळ्याच भिंती पास होतात.

भिंतीवर सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी धरून फट तपासा. तीन-चार मिमीपेक्षा जास्त फट असेल तर थेट चिकटवू नका, आधी १२ मिमी प्लाय मारून पाठ सरळ करा. हा प्लाय आयएस ७१० चा (मरीन प्लाय) घेतला तर उत्तम, निदान आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) तरी हवा. चारकोल इतका लवचीक असतो की भिंतीचा प्रत्येक फुगवटा तो इमानदारीने दाखवतो. आणि सुताराला आधीच बजावा: सनमायकाला लावतात ते रबरी सोल्यूशन इथे चालत नाही. त्यातलं सॉल्व्हंट (विरघळवणारं रसायन) पॉलिस्टायरीन खातं आणि पॅनलला मागून खड्डे पडतात. डाग पडला म्हणून थिनर फिरवलं तरी तीच गत. एकतर सिलिकॉन, नाहीतर सॉल्व्हंट नसलेला पॅनलचा गोंद नागमोडी रेषेत लावायचा आणि खाचेत बिनडोक्याच्या पिना मारायच्या. नुसत्या गोंदावर सोडलेलं पॅनल उन्हाळ्यात टोकाला सुटतं. पहिला नग ओळंब्याने लावा. तिथे दोन मिमी कलला तर दुसऱ्या टोकाला एल पट्टीसुद्धा तिरकी दिसते.

टीव्हीचा ब्रॅकेट पॅनलवर कसू नका. पोकळ डब्ल्यूपीसी दबतो, चारकोल चेपतो. ब्रॅकेटच्या जागी आधीच प्लायचा तुकडा भिंतीला बोल्टने पक्का करा, किंवा पॅनलमधून आरपार लांब बोल्ट घ्या. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांची) असेल तर साधा रावल प्लग, म्हणजे स्क्रूसाठीची प्लास्टिकची गिट्टी, फिरत राहतो, तिथे ब्लॉकसाठीचाच अँकर लागतो. केबल ओढायला दोन इंची पाइप आतून आधीच सोडा. प्लाय आणि डब्ल्यूपीसी मिळून भिंत ३६ मिमी पुढे येते, त्यामुळे स्विचबोर्डची पेटीही पुढे आणावी लागते. कोटेशनमध्ये ही ओळ बहुधा नसतेच.

आगीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आतच मऊ पडायला लागतं आणि पेटलं तर काळाकुट्ट धूर सोडतं. गॅसच्या ओट्यामागे ते नकोच. हल्ली देवघरामागेही हौसेने हेच लावतात. समई, निरांजन, उदबत्ती सगळं हातभर अंतरावर! तिथे दगड किंवा टाइल लावा. एलईडी पट्टीही थेट पॅनलवर न चिकटवता ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा. १२ व्होल्टची पट्टी पाच मीटरच्या पुढे गेली की शेवटाकडे उजेड मंदावतो, म्हणून दोन्ही बाजूंनी वायर द्या. पट्टीला वीज पुरवणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, पॅनलमागे गाडू नका. बिघडणार तो हाच, आणि हात पोचला नाही तर त्याच्यासाठी भिंत फोडावी लागेल.

साफसफाईला एक इंची रंगाचा ब्रश खाचांतून वरून खाली फिरवायचा, मग किंचित ओलं मायक्रोफायबर.

खरेदी करताना दोन नग जास्तीचे घ्या आणि सगळ्या नगांच्या मागचा बॅच नंबर जुळवा. पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल असं नाही. मधला एखादा नग बदलायचा झाला तर जुना उभा चिरून काढतात, नव्याची जिभली कापून तो सपाट बसवतात, आणि मग त्या जागी सगळा भार गोंदावरच येतो.