कापशी चपलांचा जोड आणि पावसाळी सेलचा हिशेब

कोल्हापुरातील एका घरगुती कारखान्यातून घेतलेला कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) चपलांचा जोड वर्षभर नियमित वापरला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका ऑनलाइन बाजाराच्या सेलमधून ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणून दुसरा जोडही घरात आला होता, आणि दोन्ही शेजारी ठेवले की किमतीतला फरक कशामुळे पडतो हे हातात घेऊन पाहता येते. कारखान्यातल्या जोडाचे 1,800 रुपये पडले व त्यात एका रुपयाचीही सूट मिळाली नाही. सेलमधल्या जोडावर 2,499 रुपयांवर काट मारून 699 रुपये छापलेले होते.

कापशी जोडाचा तळ म्हशीच्या कातड्याचा असून ते बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेले आहे. या जुन्या पद्धतीत कातडे शिवून त्याची पिशवी करतात, तीत सालीचे पाणी भरून ती टांगून ठेवतात, आणि या कामाला काही आठवडे लागतात. वरचा पट्टा बकऱ्याच्या मऊ कातड्याचा आहे. त्यावरची वेणी त्या घरातल्या बायकांनी हाताने गुंफली आहे. तळाचे थर कातड्याच्याच वादीने शिवलेले असून खिळा कुठेही नाही. सुरुवातीला चपलेचा अंगठा (पायाचा अंगठा अडकवायची वादी) आणि पट्टा चांगलेच काचत होते, परंतु कारागिरांनी सांगितल्याप्रमाणे खोबरेल तेल लावत गेल्यावर कातडे नरमले आणि आता तळावर पावलाचा ठसा पक्का बसला आहे. सेलमधल्या जोडाचा पट्टा रेक्झिनचा निघाला, आणि टाचेच्या थरांत पुठ्ठा होता, तो पहिल्याच सरीत फुगून सुटला. पाण्यात कापशी चप्पलही घालू नये हे खरे, पण ती भिजली तर सावलीत वाळवून पुन्हा वापरता येते.

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले, आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांपुरते आहे. रेक्झिन आणि पुठ्ठ्याच्या मालाला हे नाव लावून 699 रुपयांना विकले जाते, तेव्हा फसवणूक केवळ ग्राहकाची होत नाही. ‘कोल्हापुरी म्हणजे सहा-सातशे रुपये’ हा आकडा लोकांच्या मनात बसतो आणि 1,800 रुपये सांगणारा कारागीरच लुबाडणारा ठरतो. त्या कारखान्यात बसलो असताना आलेल्या बहुतेक गिऱ्हाइकांनी पहिला प्रश्न सेल कधी लागणार हाच विचारला.

पावसाळ्यातल्या सेलचा त्रास या धंद्याला विशेष जाचतो, कारण आषाढ-श्रावणात दमट हवेत कातडे नीट वाळत नाही, त्याला बुरशी धरते, आणि चामड्याची चप्पल त्या दिवसांत फारसे कोणी घेत नाही. कारागिराच्या हातात पैसा नसतो तेव्हाच व्यापारी पडत्या भावाने माल मागतात, किंवा पुढच्या हंगामाच्या मालावर उचल देऊन भाव आधीच बांधून घेतात. मोठ्या दुकानाला जुना माल संपवायला सेल लागतो. ज्या घरात रापी (कातडे कापायचे हत्यार) आणि आरी (शिवायची टोचणी) धरणारी माणसे मोजकीच आहेत, तिथे संपवायला माल असतोच किती?

समजा, 1,800 रुपयांच्या जोडात कातडे, मजुरी आणि इतर खर्च मिळून 1,440 रुपये जातात आणि 360 रुपये उरतात. वीस टक्के सूट दिली की ते 360 रुपये पूर्ण गेले. दहा टक्के दिली तरी पूर्वीइतकेच पैसे मिळवण्यासाठी दुप्पट जोड विकावे लागतात, आणि यंत्र दुप्पट माल काढू शकते, तसे हातांना जमत नाही. म्हणून सूट शेवटी कातड्याच्या प्रतीतून किंवा वेणी गुंफणाऱ्या बाईच्या मजुरीतून निघते. ऑनलाइन विक्रीत याशिवाय दलाली आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड असतो. पायात घालून परत पाठवलेली, तळावर डाग पडलेली चप्पल नवी म्हणून विकता येत नाही.

ग्राहकाला स्वस्त पडावे आणि कारागिराच्या पदरचेही जाऊ नये, असा मार्ग सरकारच्या हातात आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा वस्तू व सेवा कर 5 टक्के झाला. त्याआधी हजार रुपयांवरच्या जोडाला तो 18 टक्के होता. ही कपात मला कोणत्याही सेलपेक्षा अधिक न्याय्य वाटते.

या कारखान्याची जी रीत मनापासून आवडली ती अशी की सूट मागणाऱ्याला ते पावसाळ्यात आगाऊ मागणी नोंदवायला सुचवतात: कागदावर पावलाची आखणी करून घेतात, निम्मे पैसे जमा करतात आणि दसऱ्यापर्यंत मापाचा जोड देतात. ग्राहकाला त्याच पैशात बेतून केलेली वस्तू मिळते, आणि पडत्या महिन्यांत कारागिराला व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागत नाही.

उणिवाही आहेत. आगाऊ नोंदवलेला माझा दुसरा जोड दिवाळी उलटून गेल्यावर हाती आला आणि मधल्या काळात विचारणा केल्याखेरीज काही कळवले गेले नाही. रुंद पावलांसाठी तयार माल जवळपास नसतो. पावतीवर फक्त रक्कम असते, कातडे कोणते आणि कसे कमावलेले याचा उल्लेख नसतो; तो असता तर 1,800 आणि 699 यांतला फरक प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडी समजावण्याचे त्यांचे श्रम वाचले असते. दुरुस्ती मात्र चोख आहे: झिजलेली टाच त्यांनी माफक पैशांत बदलून दिली. लग्नसराईसाठी जोड हवा असेल त्यांनी मापासह मागणी किमान दोन महिने आधी नोंदवावी आणि देण्याची तारीख पावतीवर लिहून घ्यावी.