भिंतीला क्रीम, बिस्किटी की वाळूचा रंग? वर्षभर वापरानंतर

खोली 10 बाय 12, उंची साडेनऊ फूट, एकच खिडकी आणि तीही उत्तरेला. खाली आयव्हरी व्हिट्रिफाइड फरशी. शेडकार्डावर तिन्ही रंग सख्खी भावंडं वाटत होती. क्रीम, किंचित गुलाबी बिस्किटी आणि करडी झाक असलेला वाळूचा. भिंतीवर लागला वाळूचा, आणि पावसाळी अंधारातही तो मळकट दिसला नाही.

झाक ओळखायला शेड कोऱ्या पांढऱ्या कागदाला टेकवा, पिवळं-गुलाबी लगेच उघडं पडतं. सॅम्पल जुन्या भिंतीवर फासू नका. भोवती हिरवा असेल तर बेजसुद्धा गुलाबी दिसतो. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर प्रायमर, वर दोन हात, कडेला दोन इंच पांढरं सोडा. मग तो खिडकीशेजारच्या आणि समोरच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ उभा करून बघा.

खरा घोळ दिव्यांचा. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली क्रीम पिवळाधमक होतो, त्यात आयव्हरी फरशीची भर. 6500 च्या पांढऱ्या ट्यूबखाली बिस्किटी जांभळट, आजारी दिसतो. वाळूचा दोन्हीकडे सांभाळून घेतो, 4000 ला सर्वात छान. म्हणून आधी दिवे ठरवा. छताला निळसर पांढरा नको, त्याच्याशेजारी कुठलाही उबदार रंग धुवायला आल्यासारखा वाटतो.

हिशेब: भिंती 418 चौ. फूट, दार-खिडकी वजा जाता 380. डब्यावर दोन हातांना लिटरमागे 120 चौ. फूट लिहिलं असेल तर सव्वातीन लिटर, म्हणजे 4 लिटरचा डबा. पण लांबी (पुट्टी) घासून प्रायमर मारला नसेल तर भिंत रंग पिते आणि हिशेब कोलमडतो. एकाहून जास्त डबे असतील तर सगळे एका बादलीत ढवळून घ्या. टिंटिंग मशीनवर (दुकानात शेड मिसळून देणाऱ्या यंत्रावर) बनवलेल्या दोन डब्यांत उन्नीस-बीस होतंच.

तक्रार मॅट फिनिशची. स्विचबोर्डभोवती हात लागून डाग पडतात, ओल्या फडक्याने जोरात घासलं की तिथे चकाकी येते. तिथे सॉफ्ट शीन, म्हणजे हलकी चमक असलेला फिनिश बरा, मात्र भिंतीचे उंचवटे त्यात दिसतात. रोलरने मारलेल्या भिंतीवर ब्रशने टचअप केलं तर ठिगळ उठून दिसतं. छोटा रोलर घ्या आणि कोपऱ्यापर्यंत न्या. चौकटीला पांढरा ऑइल पेंट असेल तर कपाटामागच्या अंधारात तो पिवळा पडतो, भिंतीला दोष देऊ नका.

शेडचा कोड, बेस (ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग) आणि फिनिश कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पेंटर डबा घेऊन जातो.